बिनसरकारी बोलणी व महाजनांचे कर्तव्य

दोन राष्ट्रांची सरकारे परस्परांशी बोलेनाशी झाली, तरी त्यांच्या सीमा, नद्या आणि समुद्र जागच्या जागीच राहतात. अशा वेळी निवृत्त सेनाधिकारी, माजी राजदूत, शास्त्रज्ञ, प्राध्यापक व पत्रकार खाजगी नात्याने एकत्र बसून जी चर्चा करतात, तिला ‘ट्रॅक टू’ अशी संज्ञा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील जोसेफ माँटव्हिल यांनी १९८१ च्या सुमारास ती रूढ केली. आम्ही तिला बिनसरकारी बोलणी म्हणू. नाव नवे असले तरी वस्तू सुरतेला अपरिचित नाही, आणि धान्यबाजाराला तर मुळीच नाही. मालाच्या प्रतीवरून दोन पेढ्यांत वांधा पडला, मालक एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले, की नमुन्याची पुडी घेऊन दोन्ही दारी जातो तो दलालच. सौदा मोडण्याचा अधिकार त्याला नसतो. परंतु कोणाची तयारी कोठवर आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

१६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराज सुरतेजवळ येऊन ठेपले, तेव्हा त्यांनी प्रथम निरोप धाडला. शहराचा मोगल अंमलदार इनायतखान आणि विरजी व्होरा, हाजी सैद बेग व हाजी कासिम हे तीन धनाढ्य व्यापारी यांनी समक्ष येऊन खंडणी ठरवावी, असा तो निरोप होता. इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. आणि मग तहाचे बोलणे करण्याच्या मिषाने त्याने जो तरुण पाठविला, त्याने महाराजांवरच शस्त्र उगारले. पुढे शहराचे काय झाले, व विरजी व्होरांच्या वाड्याचे काय झाले, ते येथे सांगावयास नको. आम्ही मराठी बोलणारे सुरतकर. ह्या प्रसंगाकडे आम्हांस दोन्ही तटांवरून पाहावे लागते, आणि ते आमच्या मते हितकारकच आहे. महाराजांचे वैर मोगल बादशाहीशी होते, पेढ्यांशी नव्हे. परंतु मध्यस्थाच्या वेषात मारेकरी आला, की त्यामागून येणाऱ्या खऱ्या मध्यस्थाचाही रस्ता बंद होतो. इनायतखानाचा हा अपराध आम्ही त्याच्या भ्याडपणाहून मोठा समजतो.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १६६९ च्या सप्टेंबरात, काजीच्या जुलुमाला कंटाळून सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भडोचला निघून गेले. भीमजी पारेख त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्यांनी शस्त्र धरले नाही. फक्त दुकाने बंद केली व बादशहाकडे दाद मागितली. शहराची टांकसाळ व जकातचौकी ओस पडली. औरंगजेबाकडून अभयाचे पत्र आले तेव्हाच, डिसेंबरात, मंडळी परतली. अहमदाबादेस १७२५ साली हमीदखानाच्या साहाय्यास आलेल्या मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात असता नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची रक्कम भरून ते अरिष्ट टाळले. तेव्हा सर्व महाजनांनी मिळून शहरात छाप होणाऱ्या मालावर दर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्यास वंशपरंपरा लावून दिले. उपकार तोंडी मानण्यापेक्षा वहीत जमा करण्याची ही रीत आम्हांस फार आवडते.

आता आपल्या काळाकडे वळू. १९५५ साली बर्ट्रांड रसेल व आइन्स्टाइन यांनी अण्वस्त्रांविरुद्ध पत्रक काढले. त्यातून उभय गटांतील शास्त्रज्ञांची परिषद भरवावयाचे ठरले. ती प्रथम दिल्लीस व्हावयाची होती, नेहरूंनी तसे निमंत्रणही दिले होते. परंतु सुएझच्या संकटाने तो बेत फसला. अखेर १९५७ च्या जुलैत ती कॅनडातील पगवॉश ह्या लहानशा गावी भरली. खर्च केला तो सायरस ईटन नावाच्या एका उद्योगपतीने. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे: बुद्धी शास्त्रज्ञांची, पण पाहुणचार व्यापाऱ्याचा. १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराला ह्या चर्चांचे साहाय्य झाले असे जाणकार मानतात, आणि १९९५ चा नोबेल शांतता पुरस्कारही पगवॉशला व जोसेफ रॉटब्लाट यांना मिळाला.

गव्हाच्या व्यापाऱ्याने तर सिंधूच्या पाण्याचा इतिहास पाठच करावा. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबाने कालव्यांचे पाणी अडविल्यापासून हा तंटा पेटला. १९५१ साली डेव्हिड लिलिएन्थल हे अमेरिकन तज्ज्ञ, कोणतेही सरकारी पद हाती नसता, दोन्ही देश पाहून गेले आणि एका मासिकात लेख लिहून त्यांनी जागतिक बँकेच्या मध्यस्थीची कल्पना मांडली. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ती उचलली, व १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीस करारावर सह्या झाल्या. पुढील युद्धांतही तो करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसे मारली, त्यानंतर मात्र भारताने तो स्थगित केला.

ह्या बोलण्यांचे अपयशही लपविण्याचे कारण नाही. राजस्थानातील नीमराणा येथे १९९१ पासून भारत-पाकिस्तानच्या जाणत्या मंडळींच्या बैठका भरू लागल्या. १९९९ साली लाहोरच्या जाहीरनाम्यानंतर पत्रकार आर. के. मिश्र व पाकिस्तानचे माजी परराष्ट्र सचिव नियाझ नाईक हे काश्मीरवर गुप्तपणे बोलत होते. तोच कारगिलची घुसखोरी उघडकीस आली. आमचे काही मित्र म्हणतात, ही सारी पंचतारांकित हॉटेलातील करमणूक आहे; पदावर असता दारे लावणारे लोक निवृत्तीनंतर ऋषी होतात. ह्या टोमण्यात तथ्य आहे, आणि आम्हीही तो कधीकधी मारतो. परंतु कारगिलचे युद्ध चालू असताही निरोपांची ने-आण ह्याच दोघांकडून झाली, हे ते मित्र विसरतात. गुन्हेगारास शासन करणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने कठोरपणे करावे. त्यासाठी दोन्हीकडच्या जाणत्यांनी बोलणे सोडले पाहिजे, हे मात्र आम्हांस पटत नाही.

हा प्रश्न सुरतेस दूरचा वाटत असेल तर नकाशा पाहावा. काकरापारचे अणुवीजकेंद्र आपल्या शेजारच्या तापी जिल्ह्यात आहे. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला, आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीस ते केंद्रांच्या याद्या एकमेकांस देत आले आहेत. मे २०२५ मध्ये चार दिवस तोफा, क्षेपणास्त्रे चालली, ती १० मे रोजी दोन सेनाधिकाऱ्यांच्या दूरध्वनीनंतर थांबली. ती तार शाबूत होती म्हणून थांबली, एवढेच आम्ही म्हणतो.

किराणा बाजारातील आमच्या बंधूंना दुसराही अनुभव आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसली, आणि सैंधव व खारीक एका रात्रीत वेगळ्याच भावाची झाली. मग खारीक दुबईच्या नावाने येऊ लागली. २ मे २०२५ पासून त्या देशाचा माल कोणत्याही मार्गाने आणण्यास पूर्ण बंदी आहे, आणि असा आडवाटेने आलेला माल पकडलाही गेला आहे. आम्ही स्पष्ट सांगतो: ज्याचा माल आडवाटेने येतो, त्याने शांततेवर व्याख्यान देऊ नये. व्यापाऱ्याच्या तोंडी बोलण्याची भाषा आली की लोक प्रथम त्याच्या गोदामाकडे पाहतात, आणि ते बरोबरच करतात.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. आपल्या मंडळाने दरवर्षी काही रक्कम निराळ्या खात्यावर काढावी. तीतून नद्यांचे पाणी, अणुसुरक्षा, मच्छीमारांची अटक ह्या विषयांचा अभ्यास करणाऱ्यांची दोन व्याख्याने सुरतेत करवावीत, व ती गुजराती-मराठीत छापून सभासदांच्या घरी पोहोचवावीत. दक्षिण गुजरात चेंबर व वीर नर्मद विद्यापीठ यांना त्यात सहभागी होण्याची विनंती करावी. तज्ज्ञांच्या बैठकीत बाजाराचा माणूस बोलाविला गेला तर मंडळाने असा सभासद पाठवावा, ज्याचा त्या देशाशी एक पैशाचाही व्यवहार नाही. आणि जाण्यापूर्वी त्याने तसे लेखी द्यावे. त्याने तेथे काय सांगितले हे परत आल्यावर सभेपुढे ठेवावे. दुसऱ्यांनी विश्वासाने काय सांगितले ते मात्र उघड करू नये. खर्चाचा हिशेब वार्षिक ताळेबंदात स्वतंत्र छापला जावा. ठराव मांडावयास आम्ही तयार आहोत. अनुमोदनासाठी नावे कार्यालयात द्यावीत.