रंगीत टेकड्यांचे बंदर

चिलीची राजधानी सांतियागोहून सुमारे १२० किलोमीटरवरचे व्हालपाराइसो एका दिवसात उरकण्याचे शहर नव्हे. एकटी प्रवासीण इथे हमखास मुक्काम वाढवते. बंदरामागे चाळीसहून अधिक टेकड्या, त्यांवर पत्र्याची रंगीबेरंगी घरे. १८८३ पासून इथे रुळांवरून वर ओढले जाणारे डबे माणसांची दमछाक वाचवत आले. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला, जहाजांनी वाट बदलली आणि बंदराची भरभराट ओसरली. २००३ मध्ये जुन्या वस्तीला युनेस्कोचा जागतिक वारशाचा मान मिळाला. पण एप्रिल २०१४ च्या वणव्यात वरच्या टेकड्यांवरील गरिबांची अडीच हजारांवर घरे जळाली. घाईच्या पाहुण्याला फक्त रंग दिसतात, रेंगाळणारीला माणसेही भेटतात. मात्र तिने कॅमेरा पिशवीत ठेवावा, अंधारापूर्वी परतावे.