‘प्रतीक स्पष्ट करा’ : गुण दहा

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक चंद्रपूर जिल्ह्यात शिकवतो, दुसरी गडचिरोलीत. साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधांवरचा घटक शिकवून झाल्यावर अंतर्गत चाचणीसाठी आम्ही मिळून एक प्रश्नपत्रिका काढली होती. अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ (२०२१) हा हिंदी चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवलेला होता, म्हणून त्यावर एक प्रश्न घातला : ‘चित्रपटातील वाघिणीचे प्रतीक स्पष्ट करा.’ गुण दहा.

अपेक्षित उत्तर आमच्या मनात तयार होते. पुरुषी वनखात्यात एकाकी पडलेली अधिकारी विद्या व्हिन्सेंट आणि माणसांनी घेरलेली वाघीण टी-१२, या दोघी एकमेकींची प्रतिबिंबे आहेत. शीर्षक दोघींनाही लागू पडते. शेवटी पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात विद्येची झालेली बदली हे त्या समांतरतेचे टोक आहे. असे उत्तर आले की आठ गुण, भाषा नेटकी असेल तर नऊ. बहुतेकांनी तसेच लिहिले, कारण वर्गात आम्हीच तसे सांगितले होते.

एका मुलीने मात्र तसे लिहिले नाही. तिचे गाव ताडोबाच्या बफर क्षेत्रालगतचे. तिने दीड पान भरून वाघिणीचा रस्ता लिहिला होता. वाघिणीला राष्ट्रीय उद्यानाकडे जायचे आहे, मध्ये तांब्याची खाण आहे, म्हणून ती गावाच्या बाजूने फिरते. गावातल्यांना गुरे चारायला जागा उरलेली नाही, म्हणून तेही जंगलात जातात. दोघांची वाट एकच झाल्यावर जे व्हायचे ते होते. उत्तराचे शेवटचे वाक्य होते : या सिनेमात वाघीण कशाचेही प्रतीक नाही, ती वाघीण आहे. आमच्यापैकी एकाने त्या उत्तराला दहापैकी दोन गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिले, ‘प्रश्न समजलेला नाही.’

तो शेरा चुकीचा होता, असे आज आम्हां दोघांचेही मत आहे. का चुकीचा होता याविषयी मात्र आमचे पूर्ण एकमत नाही, आणि म्हणूनच हा लेख.

प्रतिमा, प्रतीक, रूपक, उपरोध, पूर्वसूचन यांना आपण सोयीसाठी ‘वाङ्मयीन साधने’ म्हणतो. ती ओळखायला शिकवणे हे आपल्या अध्यापनाचे एक मोठे काम आहे. पण ओळखायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार आपण फारसा करत नाही. वर्गात होते ते असे : पाऊस आला की विरह किंवा शुद्धी, आरसा आला की आत्मशोध, जंगल आले की अबोध मन. गाईडांनी ही जोड्या जुळवण्याची पद्धत पक्की केली असली, तरी गाईडे आपल्याच वर्गांतून जन्माला येतात हे विसरता येत नाही. या पद्धतीत वस्तूचे काम तिचा दुसरा अर्थ सापडेपर्यंतच असते. तो सापडला की वस्तू बाजूला. वाघिणीची विद्या झाली की वाघीण संपली. तिचा रस्ता, तिची भूक, तिची पिल्ले, मधली खाण, सगळेच संपले.

आपल्या काव्यशास्त्राने याबाबतीत अधिक सावधपणा दाखवला होता. एम. ए. ला ‘काव्यप्रकाश’ शिकताना मम्मटाने सांगितलेल्या लक्षणेच्या अटी आपण सगळ्यांनीच पाठ केल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध व्हावा, मुख्यार्थाशी संबंध असावा, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी काहीतरी असावे. गंगेवर गवळीवाडा असे म्हटले की प्रवाहावर घरे असू शकत नाहीत, म्हणून आपण काठाकडे वळतो. मुख्यार्थ अडला, तरच दुसरीकडे जायचे. आता ‘शेरनी’तील वाघिणीचा मुख्यार्थ कुठे अडतो? कुठेच नाही. ती चालते, शिकार करते, मारली जाते. ती वाघीण असल्याने कथेचे एकही वाक्य अशक्य होत नाही. लक्षणेने येथे प्रवेश करण्याचे कारणच नाही.

मग समांतरता खोटी काय? तीही नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचे जे दोन मुख्य प्रकार केले, त्यांतला दुसरा येथे उपयोगी पडतो. पहिल्या प्रकारात वाच्यार्थ विवक्षित नसतो, तो सोडावा किंवा वळवावा लागतो. दुसरा विवक्षितान्यपरवाच्य : वाच्यार्थ अभिप्रेत असतोच, आणि तो पूर्णपणे अभिप्रेत असतानाच पलीकडच्या अर्थाकडे नेतो. वाघीण आधी पुरती वाघीण असायला हवी. तिचा रस्ता खरोखर अडलेला असायला हवा. तेव्हाच विद्येचा अडलेला रस्ता त्यातून ऐकू येतो. त्या मुलीने पहिली पायरी इतरांपेक्षा किती तरी चांगली लिहिली होती. इतरांनी ती पायरी लिहिलीच नव्हती, तरी त्यांना आठ गुण मिळाले.

या प्रदेशात ही गोष्ट केवळ शास्त्रार्थाची राहत नाही. २०१८ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात मारली गेलेली अवनी ऊर्फ टी-१ ही वाघीण हा चित्रपट पाहताना आठवतेच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. आमच्या वर्गात बसणाऱ्या अनेकांच्या घरची माणसे उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायला आणि तेंदू तोडायला जातात. त्यांच्यासमोर फळ्याशी उभे राहून वाघ म्हणजे दडपलेल्या वासनांचे प्रतीक, असे सांगणाऱ्याला निदान थोडे चाचरायला व्हावे. शिवाय याच लोकांनी वाघाला देवही मानले आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला आणि त्याचा देव झाला, अशी आख्यायिका आहे. ताडोबा तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि १९५५ साली झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला त्याच देवाचे नाव आहे. ज्यांच्या मनात मारणारा वाघ आणि पुजला जाणारा वाघ हे दोन वेगळे वाघ नाहीत, त्यांना विवक्षितान्यपरवाच्य ही संज्ञा अवघड वाटू नये. अवघड वाटते ती आमच्या शिकवण्यामुळे.

दुसरा प्रसंग गडचिरोलीच्या वर्गातला. मसुरकरांचाच ‘न्यूटन’ (२०१७) छत्तीसगडच्या दंडकारण्यातल्या एका मतदान केंद्राची गोष्ट सांगतो. मतदार ७६, केंद्र एका मोडक्या शाळेत, आणि निवडणूक अधिकारी नूतन ऊर्फ न्यूटन कुमार वेळेच्या बाबतीत कमालीचा काटेकोर. शेवटी तो बंदूक रोखून सुरक्षा दलाला ठरलेली वेळ पुरी होईपर्यंत थांबवून धरतो. वर्गात आम्ही घड्याळाला लोकशाहीच्या यांत्रिकतेचे प्रतीक म्हटले. समोरून कोणी लिहून घेतले नाही. एका मुलाचे काका शिक्षक, निवडणुकीच्या कामावर अनेकदा गेलेले. तो म्हणाला, आपल्याकडे मतदान तीनला संपते ते अंधाराच्या आत परतता यावे म्हणून. हे खरेच आहे. २०२४ सालीही गडचिरोली जिल्ह्यातल्या विधानसभा मतदारसंघांत मतदानाची वेळ दुपारी तीनपर्यंतच होती, आणि दुर्गम केंद्रांवर पथके हेलिकॉप्टरने पोहोचवली गेली होती.

एवढ्याशा माहितीने तो शेवटचा प्रसंग आमच्यासाठी बदलला. तोवर आम्ही तो तत्त्वनिष्ठ न्यूटन विरुद्ध बेफिकीर अधिकारी आत्मा सिंह असा सरळ वाचत होतो. पण तिथला प्रत्येक मिनिट खराखुरा धोक्याचा असेल, तर आत्मा सिंहाच्या घाईत केवळ आळस किंवा मग्रुरी उरत नाही. आणि न्यूटनच्या हट्टात केवळ निष्ठा उरत नाही, दुसऱ्यांच्या जिवावर पाळलेली शिस्तही त्यात दिसू लागते. उपरोध एका बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी कापतो. आणि त्या दोघांच्या मध्ये उभी असलेली स्थानिक शिक्षिका माल्को, जिला हे सगळे दोघांच्याही आधीपासून ठाऊक आहे, तिच्या शांतपणालाही अर्थ येतो. एरवी आमच्या व्याख्यानात माल्कोचा उल्लेख ‘दुभाषी’ म्हणून एका वाक्यात संपत असे.

आता उलट बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर ‘स्थानिकांना सगळे कळते’ असा एक नवाच भाबडेपणा आम्ही पसरवू. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी आणि जब्बार पटेल यांचा त्यावरचा १९७७ चा चित्रपट शिकवताना हा अनुभव आला. राणीमाशीने नाग्याचा डोळा घेतला, आणि तिचा सूड घेणे हाच त्याचा ध्यास झाला. वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी मध काढतात, त्यांनी पाऊण तास मोहोळाच्या चर्चेत घालवला : मध रात्री काढावा, धूर असा करावा, नाग्याने अमुक करायला नको होते. चर्चा रंगली, आम्हीही बरेच शिकलो. पण नाग्या जिंकतो त्याच क्षणी चिंधीला गमावतो, आणि तरीही कथेचे नाव ‘जैत’ आहे, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. वाच्यार्थाचे इतके चांगले ज्ञान असूनही वर्ग त्यातच थांबला. शीर्षकातील उपरोध मधाच्या माहितीतून सापडत नाही. तो कथेच्या रचनेतून सापडतो, आणि तिकडे बोट दाखवणे हे अध्यापकाचे काम आहे. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की, त्या वाघिणीच्या उत्तरातही नेमके हेच झाले होते आणि म्हणून दहापैकी पाचच गुण योग्य ठरले असते. दुसरीला आठच्या खाली जाणे मान्य नाही.

कादंबरीच्या शीर्षकाबद्दलच बोलायचे, तर विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’चे उदाहरण या भागात टाळता येणार नाही. माडिया तरुणाच्या वाटचालीचा शेवट ती मुखपृष्ठावरच सांगून टाकते. पूर्वसूचन शिकवताना आपण साधारणपणे पानापानांत विखुरलेले संकेत शोधायला लावतो. येथे शोधण्यासारखे काही उरतच नाही. वाचक ‘पुढे काय’ हा प्रश्न सोडून पहिल्या पानापासून ‘कसे’ आणि ‘कोणामुळे’ हे प्रश्न घेऊन वाचतो, त्यामुळे साधी साधी प्रसंगचित्रेही पुराव्यासारखी वाचली जातात. हे साधन ‘ओळखा’ असे सांगणे निरर्थक आहे; ते न ओळखता येणारा वाचक असूच शकत नाही. ते काय करते, हे विचारले तरच प्रश्नाला अर्थ.

आमच्या विद्यार्थ्यांना अशा प्रश्नांची सवय नाही असेही नाही. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. शंकरपट झाला की रात्री झाडीपट्टीचे नाटक, आणि ते उजाडेपर्यंत. तिथला प्रेक्षक पहिल्या अंकात कोणाच्या हाती चाकू दिला यावरून तिसऱ्या अंकाचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज शेजाऱ्याला मोठ्याने सांगतोही. नटाचे स्वगत कुठे खरे आणि कुठे प्रेक्षकांना फसवण्यासाठी, यावर परतीच्या वाटेवर वाद होतात. हीच मुले सोमवारी वर्गात आली की पूर्वसूचनाची व्याख्या पाठ म्हणतात आणि उदाहरण गाईडातले देतात. मंडपात असलेली त्यांची समज वर्गाच्या दारात आम्हीच काढून ठेवायला लावली, असा आम्हांला संशय आहे.

नाव बदलल्याने वस्तूचे काय होते, हे तर या जिल्ह्यांना कोणी शिकवायला नको. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या लेखी बांबू ‘झाड’ होता, वनस्पतिशास्त्राच्या लेखी गवत. झाड म्हटले की तोडणारा गुन्हेगार. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनउपज म्हटले की गावाचा त्यावर हक्क. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचे परवाने हाती येण्यास २०११ उजाडावे लागले. एका शब्दाच्या वाच्यार्थासाठी गाव कसे झगडते हे पाहिलेल्या मुलांना वाच्यार्थ ही टाकून देण्याची वस्तू आहे, असे आम्ही शिकवत होतो. असो.

ते दोन गुण आता बदलता येत नाहीत. गुणपत्रके केव्हाच गेली. यंदाच्या प्रश्नपत्रिकेचा मसुदा मात्र आमच्यासमोर आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’वर प्रश्न घ्यायचे ठरले आहे. काळी चिमणी घ्यावी, की ऐन डुक्कर हाती लागायच्या वेळी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते तो प्रसंग घ्यावा, यावर वाद चालू आहे. एकाचे म्हणणे, चिमणी घेतली की पुन्हा ‘अप्राप्य स्वप्नाचे प्रतीक’ हे तयार उत्तर येणार. राष्ट्रगीत लागल्यावर खरोखर उभे राहावेच लागते, आणि उपरोध त्या खरेपणातूनच येतो, म्हणून तोच प्रसंग घ्यावा. दुसरी म्हणते, चिमणीच घेऊ, पण प्रश्न असा विचारू : जब्या गलोल घेऊन या चिमणीमागे का धावतो, ती मिळाली तर तो तिचे काय करणार आहे, आणि ती कथेतून काढून टाकली तर कोणकोणते प्रसंग कोसळतील? ‘प्रतीक’ हा शब्द प्रश्नात घालायचाच नाही. विद्यार्थ्याला तो लागला, तर तो स्वतः वापरील.

गुण तेवढे अजून ठरलेले नाहीत.