यादी आणि न्याय

सोलापुराहून गोव्यास विमान जाऊ लागले ते जून २०२५ मध्ये. या सोयीचे स्वागत करतानाच, विमानाच्या दारापाशी कोणास अडवावे आणि कोणत्या न्यायाने अडवावे, याचाही विचार आपण सोलापूरकरांनी केला पाहिजे.

या प्रश्नाचा उगम शेजारचाच आहे. आपला बार्शी तालुका ज्या उस्मानाबाद मतदारसंघात मोडतो, तेथील तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी मार्च २०१७ मध्ये एअर इंडियाच्या अधिकाऱ्यास चपलेने मारले. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवास नाकारला. खेदाचे पत्र जाताच एप्रिलमध्ये बंदी उठली. पुढे सप्टेंबरात सरकारने नियम केले. शिवीगाळीस ३ महिने, मारहाणीस ६ महिने, जिवावर बेतणाऱ्या कृत्यास २ वर्षे वा अधिक बंदी. निवाडा निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने करावा. त्यावर ६० दिवसांत अपील करता यावे. येथवर या नियमांस कोण नावे ठेवील? परंतु गृहखाते ज्यास देशाच्या सुरक्षिततेस धोका ठरवील, त्याला मात्र या नियमांनी अपील ठेवले नाही. धोका वाटेल तोवर बंदी! म्हणजे सर्वांदेखत चप्पल चालविणाऱ्यास दाद आहे, आणि नुसत्या संशयितास नाही. हा कोठला न्याय?

१९८५ साली ‘कनिष्क’ विमानात ३२९ जीव गेले, हे आम्ही विसरलो नाही. संशयितास त्या दिवशी अवश्य अडवा. पण अडविल्यावर त्याचे म्हणणे एखाद्या न्यायाधीशाने ऐकल्याने कोणते विमान कोसळणार आहे?

यादीचा महिमा सोलापुरास तरी सांगावयास नको. इंग्रजी अमलात येथील सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींची कुटुंबे राहत. हजेरी द्यावी, परवाना घेऊन बाहेर पडावे. अपराध एवढाच, की नाव पटावर होते. जमातीस गुन्हेगार ठरविणाऱ्या सरकारी जाहीरनाम्यास न्यायालयातही आव्हान देता येत नसे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या वेळीही कारण समाजाच्या सुरक्षिततेचेच सांगितले जात होते!

सुरक्षितता हवी, यात वाद नाही. आमचे मागणे एवढेच: नाव घातले तर कारण कळवा, मुदत ठरवा आणि न्यायाधीशापुढे दाद मागू द्या. चप्पल मारणाऱ्यास जे दिले, ते संशयितास नाकारू नका.