कर्ता माणूस

म्हातारपणी बाई मागे राहते आणि पुरुष आधी जातो, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणाला काही वाटत नाही. निसर्गच तसा, म्हणून आपण मोकळे होतो. थोडा फरक निसर्गाचा असेलही. पण रशियाचं उदाहरण बघा मंडळी.

तिथे १९८४ च्या सुमारास पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६२ च्या आसपास होतं. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूवर निर्बंध आणले आणि दोन वर्षांत ते ६५ च्या जवळ गेलं. मग मोहीम ढेपाळली, १९९१ ला देश मोडला, पगार थकले, आणि १९९४ मध्ये तेच आयुर्मान ५८ च्याही खाली आलं. बायकांचं त्या वर्षी ७१ होतं. तेरा वर्षांचा फरक! दुष्काळ काही नव्हता. ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने, अपघातात, दारूने, आत्महत्येने गेले. पुढे दारूची विक्री आणि किंमत यांवर सरकारने हात आवळला, इतर गोष्टीही सुधारल्या, आणि २०१९ पर्यंत आकडा ६८ वर आला. निसर्ग काही असा वर-खाली होत नाही.

आता आपलं बीड. २०१५ च्या दुष्काळात जिल्ह्यात ३०० वर शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्ये मराठवाड्यात १०८८, त्यात बीडच्या २६९. देशभराचा २०२२ चा हिशेब असा की आत्महत्या केलेल्या ५२०७ शेतकऱ्यांपैकी ४९९९ पुरुष होते. (बायका फक्त २०८, यावर फार विश्वास ठेवू नका. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई सरकारदरबारी शेतकरी धरली जाणं कठीण.)

आपण या मरणाकडे बघतो ते पात्र की अपात्र एवढ्यापुरतं. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. बसलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. २००६ च्या निर्णयातली ही रक्कम पुढे वर्षानुवर्षं तीच राहिली. दारू पीत होता असा शेरा पडला की प्रकरण लोंबकळतं. मला हे पटत नाही. कर्ज, दारू आणि आजार एकाच माणसाच्या अंगाला लागलेले असतात, ते तहसील कचेरीत वेगळे कसे करणार?

शिवाय आत्महत्या हा त्यातला एक भाग झाला. जुन्या विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याला मला आवर्जून बोलावतात. सुरुवातीला श्रद्धांजलीची नावं वाचतात. पन्नाशीही न गाठलेल्या तुकडीत मुलांची नावं संपता संपत नाहीत, मुलींची एखाद-दुसरी. कुणी मोटारसायकलवरून गेला, कुणी छातीत कळ येऊन, कुणाचं लिव्हर गेलं. यातलं कुणीच कुठल्या पात्र यादीत नाही. त्यांच्या बायका मात्र तशाच विधवा. ज्यांचं पोट ऊसतोडीवर, तिथे तर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो गेला की जोडी मोडली, आणि घेतलेली उचल फेडायला ती राहिली.

दारूबंदीने सगळं सुटेल असं म्हणणारा मी नाही. वर्ध्यात बंदी असून काय चालतं ते सर्वांना ठाऊक आहे. पण गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथे डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी लोकांना बरोबर घेऊन ती टिकवायचा प्रयत्न चालवला. आपल्याकडे तेवढीही चर्चा नाही. बाप्या माणूस रक्तदाब तपासायला दवाखान्यात जात नाही, "मला काय धाड भरलीय" म्हणतो. आशाताई घरोघर जातात त्या मुख्यतः बाळंतिणी आणि लेकरांसाठी, आणि त्या वेळी हा शेतात नाहीतर पारावर.

माझं मागणं साधं आहे. जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होतेच. वर्षातून एकदा ग्रामसभेत वीस ते साठ वयात गेलेल्यांची संख्या आणि मरणाची कारणं वाचून दाखवा, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पुतण्या सरपंच आहे आमचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "काका, लोक चिडतील." चिडू देत की.