शुल्क हप्त्यांनी घ्यावे

दूरशिक्षणाचा खर्च केवळ प्रवेशशुल्काने मोजणे अपुरे आहे. आपल्यापैकी जे रोजंदारीवर काम करतात, त्यांची परीक्षेच्या प्रत्येक दिवशी मजुरी बुडते. संपर्कसत्रांसाठी एसटीचे भाडे वेगळे लागते. त्यात वर्षाचे शुल्क जून-जुलैत एकरकमी मागितले, तर बी-बियाणे आणि मुलांच्या वह्या-पुस्तके यांच्या खर्चात त्याची भर पडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने शिक्षणाचा मेळ कमाईशी घातला होता. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अनेक विद्यार्थ्यांपुढे आजही तोच प्रश्न आहे. म्हणून शुल्क मासिक हप्त्यांनी भरण्याची सोय असावी. तिला कृपा मानू नये. मिळकत जशी हाती येते, तसे शुल्क भरता येणे हा मुक्त शिक्षणाच्या कल्पनेचाच भाग आहे.