मसुद्यालाही करेक्शन स्लिप हवी

आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली तो प्रत्यक्षात नेमला गेला नोव्हेंबर २०२५ मध्ये. अहवालासाठी त्याला १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. आयोगाचे अर्धवेळ सदस्य प्रा. पुलक घोष हे आमच्या याच बेंगळूरुतील आय.आय.एम.चे प्राध्यापक. ही नेमणूक झाल्यापासून रेल्वे आणि टपाल खात्यातील संघटनांच्या कचेऱ्यांत निवेदनाचे मसुदे तयार करण्याची धांदल सुरू झाली. मागण्या काय असाव्यात यावर या पानांत पुष्कळ लिहून झाले आहे. आज लिहायचे आहे ते मसुदा या वस्तूविषयी. तो कोण लिहितो, कोण बदलतो आणि बदललेले कोणाला कळते?

येथील एका शाखेत घडलेली गोष्ट सांगतो. शाखेचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवरून हुबळी, बेळगाव, मिरज, सोलापूर असा फिरून परत आला. तोवर त्याच्या सात फाइली झाल्या होत्या. एकीचे नाव 'अंतिम', दुसरीचे 'अंतिम सुधारित', तिसरीचे 'हीच अंतिम'. छपाईला देण्याच्या आदल्या रात्री आर.एम.एस.मधल्या एका ज्येष्ठ साथीने सहज वाचून पाहिले, तर रात्रपाळी भत्त्याचा परिच्छेदच गायब! जुलै २०२० च्या आदेशाने ४३,६०० रुपयांहून अधिक मूळ वेतन असणाऱ्यांना हा भत्ता नाकारला गेला. रात्रभर गाडी हाकणारा लोको पायलट, स्टेशन मास्तर, पहाटेपर्यंत टपाल वर्गीकरण करणारा सॉर्टर, सगळ्यांच्या पोटावर आलेला हा आकडा. तोच परिच्छेद कोणी काढला, केव्हा काढला, मुद्दाम की चुकून, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. बहुधा कोणीतरी घाईत जुनी फाइल उघडून तीत आपली दुरुस्ती केली असावी. पण दोन दिवस साथी एकमेकांकडे संशयाने पाहत होते. गहाळ परिच्छेद परत घालता आला. मने पूर्ववत व्हायला वेळ लागला.

ज्या खात्यांत आपण हयात घालवली त्या खात्यांत असे कधी चालले असते काय? रेल्वेचे जनरल व सब्सिडियरी रूल्सचे पुस्तक आठवा. नियम बदलला की क्रमांक आणि तारीख घातलेली करेक्शन स्लिप येते. ती जागच्या जागी चिकटवायची. पंधरा वर्षांनी कोणी ते पुस्तक उघडले तरी कोणता नियम कोणत्या स्लिपने बदलला हे कळते. टपाल खात्याच्या मॅन्युअलांचीही तीच रीत. गाडी नोंदवहीत चूक झाली तर खोडाखोड चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर आडवी रेघ मारायची, वर बरोबर नोंद करायची आणि आपली सही ठोकायची. चुकीची नोंदही वाचता आलीच पाहिजे, कारण अपघाताची चौकशी झाली तर तीच पुरावा ठरते. आपल्या मागणीपत्राला मात्र आपण ही शिस्त लावत नाही.

संगणकाच्या जगात याच शिस्तीची साधने आहेत आणि ती साध्या मजकुरावर चालतात. साधा मजकूर म्हणजे नुसती अक्षरे. ठळक टाइप नाही, रंग नाही, चौकटी नाहीत. नोटपॅडमध्ये लिहितो तसे. (तारही अशीच होती. शब्दागणिक पैसे मोजायचे, त्यामुळे नटवेपणाला जागाच नव्हती. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली.) अशा मजकुराच्या दोन प्रती शेजारी ठेवून कोणती ओळ गेली आणि कोणती आली हे दाखवणारा 'डिफ' नावाचा प्रोग्राम १९७४ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये तयार झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केलेले 'गिट' त्यापुढे गेले. प्रत्येक बदल, करणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण यांसह ते जपून ठेवते. करेक्शन स्लिपच ती, फक्त डिंक लागत नाही.

बेंगळूरुत हे काही नवलाचे नाही. व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतली हजारो मुले रोज हेच वापरून पोट भरतात. आपल्यातील कित्येकांची मुले त्यांत आहेत. त्यांनाही संघटनेची गरज पडलीच. कर्नाटक राज्य आय.टी. कर्मचारी युनियन २०१७ मध्ये उभी राहिली आणि २०२४ मध्ये १४ तासांच्या कामाच्या दिवसाच्या प्रस्तावाविरुद्ध ती रस्त्यावर आली. त्या मुलांकडून हे तंत्र शिकून घेण्यात कमीपणा कसला?

मराठीत हे चालेल का, असे विचारणाऱ्यांनी विकिपीडिया पाहावा. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यातील प्रत्येक लेख साध्या मजकुराच्या रूपात साठवलेला असतो आणि कोणत्याही लेखाच्या माथ्यावर 'इतिहास' हा शब्द दिसतो. त्यावर बोट ठेवा. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला याची पहिल्या दिवसापासूनची यादी उघडते. या मराठी कामाला बेंगळूरुतील सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेनेही हातभार लावला आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एका लेखावर काम करतात, भांडतात, तोडगा काढतात आणि नोंद मागे राहते.

एक अडचण मात्र आपली घरचीच. पुष्कळ शाखांकडे जुन्या फॉन्टांत टाइप केलेले मराठी आहे. त्या फॉन्टांत 'क'च्या जागी इंग्रजी अक्षराचाच संकेत दडलेला असतो. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ठराव म्हणून नुसती गिचमीड दिसते. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे संकेत दिले आहेत. आज साध्यातला साधा स्मार्टफोनही युनिकोड वाचतो. जुने ठराव युनिकोडमध्ये आणण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते करावेच लागेल. नाहीतर १९७४ च्या संपाची कागदी पत्रके वाचता येतील आणि २००४ ची फाइल उघडणार नाही.

वर्डमध्येही बदल दाखवण्याची सोय आहे, असे काही साथी म्हणतात. आहे. पण ती प्रत्येकाने चालू ठेवली पाहिजे, आणि मोबाइलवरून लिहिणाऱ्याने ठेवली नाही की साखळी तुटली.

आता दुसरी बाजू. रुळावर काम करणारा ट्रॅकमन किंवा खेड्यातला ग्रामीण डाक सेवक 'गिट' शिकत बसणार नाही आणि त्याने बसूही नये. एथरपॅडसारखे पान त्याला पुरे. दुवा उघडायचा आणि लिहायचे. प्रत्येकाचे लिखाण वेगळ्या रंगात उमटते आणि आधीची रूपेही मागे जाऊन पाहता येतात. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, संघटनेला ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. ज्याच्याकडे तेही नाही त्याच्यासाठी छापील प्रत काढावी आणि त्याने पेनाने केलेली दुरुस्ती शाखेच्या चिटणीसाने त्याच्याच नावाने चढवावी. संपाचे डावपेच आणि सभासदांचे फोन क्रमांक मात्र अशा पानावर कधीही घालू नयेत. दुवा फुटायला एक बोट पुरते.

शिवाय साधन फक्त बदल दाखवते, निर्णय घेत नाही. कोणती ओळ राहावी हे कार्यकारिणीत बसून, वाद घालूनच ठरेल. कुटुंबाची घटक-संख्या घ्या. सातव्या आयोगाने ती ३ धरून किमान वेतन १८,००० रुपये काढले. म्हाताऱ्या आई-वडिलांना घटक धरायचे की नाही, हा प्रश्न कोणताही प्रोग्राम सोडवणार नाही. पण एखाद्या मसुद्यात ५ चे ४ झाले तर ते कोणाच्या हातून झाले, हे तरी समजेल.

शाखांना आमची सूचना अशी. मसुद्याची मूळ प्रत एकाच ठिकाणी असावी आणि ती सांभाळण्याची जबाबदारी नाव घेऊन एकाच साथीवर टाकावी. एका ओळीत एकच मागणी लिहावी, म्हणजे बदल नेमका दिसतो. मागणीला एकदा दिलेला क्रमांक ती वगळली तरी दुसरीला देऊ नये. आणि प्रत्येक बदलासोबत कारणाचे एक वाक्य लिहावे, अगदी 'शुद्धलेखन' एवढे असले तरी. वर सांगितलेल्या शाखेने आता हेच सुरू केले आहे. त्यांच्या नव्या मसुद्यातली पहिली नोंद अशी आहे: मागणी क्र. ९, रात्रपाळी भत्ता, ४३,६०० ची मर्यादा रद्द करावी, पुन्हा घातली, कारण, गहाळ झाली होती.