पडद्याच्या उलट्या बाजूने



गणेशोत्सवात आमच्या गल्लीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवत. प्रोजेक्टरच्या बाजूची जागा लवकर येणाऱ्यांनी सतरंज्या टाकून धरलेली असे. सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून, ओटा पुसून येणाऱ्या बायकांना तिथे जागा मिळत नसे. त्या पडद्याच्या मागे बसत. कापड पातळ असायचं, चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. नावांची अक्षरं आरशातल्यासारखी आणि सगळी माणसं डावखुरी! प्रभातचा ‘संत तुकाराम’ मी पहिल्यांदा पाहिला तो असा, आईच्या मांडीवर बसून, उलट्या बाजूने.

शेवटी तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला निघाले, तेव्हा समोरच्या बाजूला विठ्ठलनामाचा गजर झाला. आमच्या बाजूला कुणी काही बोललं नाही. घरी परतताना आई एवढंच म्हणाली, “ती कशी जाणार? पोरांचं कोण बघणार?”

ती म्हणजे तुकोबांची बायको आवली, चित्रपटातली जिजाई. आईचं ते वाक्य कळायला मला वीस वर्षं लागली.

दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३६ सालचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा इतके खरे वाटले की अनेक घरांत तुकोबांचा चेहरा म्हणजे पागनीसांचा चेहरा झाला. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग इतका अस्सल उतरला की तो तुकोबांचाच आहे, असं कित्येकांना वाटलं. हे सगळं थोरच. पण आज मी तो चित्रपट लावते ती गौरीबाईंच्या जिजाईसाठी. मूल आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती मुलाला घेऊन तडक देवळात जाते आणि पायातलं पायताण काढून देवावर उगारते. संतपटाच्या मधोमध एक उपाशी बाई देवाला जाब विचारते आणि दिग्दर्शक तिला लहान करत नाहीत. तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात, तेव्हा ती रांधत असते. भक्तीइतकंच खरं असं संसाराचं वजन या चित्रपटाने तिच्या बाजूने तोललं आहे. लहानपणी मला चमत्कार दिसले होते, आईला ती चूल दिसली होती.

जुन्या चित्रपटांना आपण नमस्कार करतो आणि नव्यांपुढे नाक मुरडतो. दोन्ही वेळा पाहायचं मात्र राहून जातं. देवघरात ठेवलेल्या मूर्तीशी कुणी वाद घालत नाही. चित्रपटाशी वाद घालावा लागतो, तरच तो आपल्याशी बोलतो.

‘कुंकू’शी माझा असा वाद बरीच वर्षं चालला. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९३७ सालचा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. नीरेचं लग्न फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला ठाम नकार देते. शांता आपट्यांच्या नजरेतली ती धग आजही निवलेली नाही. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे साधे आवाज आणि भिंतीवरचं घड्याळ यांतूनच सगळा ताण उभा राहतो. मला खुपत होता तो शेवट. म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतो, तो आत्महत्या करतो आणि नीरा मोकळी होते. इतक्या ताठ मुलीची सुटका त्या पुरुषाच्या मरणाने का व्हावी?

उत्तर मला इतिहासात सापडलं. देशभरातल्या हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क मिळाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. १९३७ साली नीरेपुढे दारच नव्हतं, म्हणून कथेला भिंत फोडावी लागली. शेवट मला अजूनही पटत नाही, पण तो तसा का झाला हे आता कळतं. वाद घातला नसता तर हेही कळलं नसतं.

२०२५ च्या मार्चमध्ये जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ पाहिला आणि नीरा पुन्हा आठवली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावातली सविता. सुरुवातीलाच तिला स्वप्न पडतं: मुलगा दाखवून घ्यायला आला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारत आहेत. मग जाग येते आणि खरे पाहुणे दारात असतात. तेच प्रश्न, तीच मान खाली घालून दिलेली उत्तरं, तेच पोहे. सोमलकरांनी हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवला आहे. मध्यंतरात शेजारच्या एका गृहस्थांनी “तेच तेच दाखवतात” अशी तक्रार केली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “तेच तेच असतं.” ‘कुंकू’नंतर ८८ वर्षांनी पडद्याच्या उलट्या बाजूने आलेलं हे समीक्षण मला फार मोलाचं वाटतं.

नवा चित्रपट आपल्याकडे धीर मागतो आणि तो द्यायला आपण तयार नसतो. मीही नव्हते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये एका लोकशाहिरावर खटला चालू आहे. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. मी पर्स उचलून उभी राहिले, तर चित्रपट पुढे सुरूच! न्यायाधीश कुटुंबासह सहलीला गेलेले दिसले. मी चिडले. हे कशाला? दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. ज्याचा निकाल लांबला, त्याच्यासाठी ही सुट्टी म्हणजे आणखी काही आठवड्यांची कोठडी. दिग्दर्शकाने ते तोंडाने सांगितलं नाही, मला त्या वेळात बसवून ठेवलं.

आणि ‘फँड्री’चा शेवट? त्याचा नायक जब्या भिरकावतो तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. आयुष्यभर पडद्याच्या समोरची जागा मिळालेल्या आपल्याला नागराज मंजुळे यांनी त्या क्षणी विचारलं की तुम्ही कुठे बसला आहात. २०२५ साली ‘साबर बोंडं’ने सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला. गावाकडच्या दहा दिवसांच्या दुखवट्यात दोन पुरुषांमधलं प्रेम रोहन कानवडे यांनी ज्या हळुवारपणे दाखवलं आहे, ते पाहताना मला वाटलं, मागच्या बाजूला बसलेली माणसं आता स्वतःच कॅमेरा धरू लागली आहेत.

मात्र वाद घालायला चित्रपट उरलेला असावा लागतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातलं बहुतेक सगळंच गेलं. कित्येक प्रती तर फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने रिळामागून रीळ गोळा केलं, म्हणून फाळक्यांचं जे हाती आहे ते आहे. तरीही जानेवारी २००३ मधल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. आईने जिजाई पाहिली, कारण कुणीतरी ती रिळं सांभाळली होती. आज मोबाइलमध्ये सगळं सापडतं, या भरवशावर राहू नये. जपणं हे कुणीतरी रोज करायचं काम आहे.

पहिला मराठी दिवाळी अंक, का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा, १९०९ सालचा, म्हणजे फाळक्यांच्या चित्रपटाहून चार वर्षांनी थोरला. त्या नात्याने या दिवाळी अंकातला आमचा विशेष विभाग चित्रपटांना दिला आहे. लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती: चित्रपट थोर आहे की टाकाऊ, हे सांगू नका, तुम्ही कुठे बसून पाहिलात आणि काय दिसलं, ते सांगा. त्यांनी मनापासून लिहिलं. कथा, कविता आणि इतर लेखनही नेहमीच्या आस्थेने निवडलं आहे.  

दिवाळीत अंक घरात येतो तेव्हा तो आधी बैठकीच्या खोलीत फिरतो. फराळ करून, पाहुण्यांचं आवरून, रात्री उशिरा कुणीतरी तो स्वयंपाकघराच्या दिव्याखाली उघडतं. आई तशीच वाचायची. हा अंक तयार करताना माझ्या डोळ्यांसमोर ती वाचक होती. तिला जे दिसेल ते आम्हाला जरूर लिहून कळवा.



– संपादक